आधी खेळ, मग स्क्रीन, मग कार्ड : माफक खर्चात गेमिंग कॉम्प्युटर निवडताना

बारावीचा निकाल लागतो, अभियांत्रिकीचे प्रवेश होतात आणि पावसाळ्याच्या मध्यावर पुण्यातल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत आई-वडिलांना घेऊन आलेल्या मुलामुलींची गर्दी दिसू लागते. अभ्यासाला कॉम्प्युटर हवा असतो, त्यावर खेळताही यावे अशी मुलांची इच्छा असते आणि घरातून पन्नास-साठ हजारांची मर्यादा घालून दिलेली असते. काउंटरवर पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच येतो : "आय-फाइव्ह टाकू की आय-सेव्हन?" ही इंटेलच्या प्रोसेसरची नावे. मला या प्रश्नाची काळजी वाटते, कारण तिथूनच निवडीचा क्रम उलटा होतो. प्रोसेसर आधी ठरतो, त्यावर मोठी रक्कम जाते, मग उरलेल्या पैशांत जे बसेल ते ग्राफिक्स कार्ड येते आणि खेळ चालवण्याचे मुख्य काम ज्या कार्डाने करायचे तेच सर्वांत दुबळे राहते.

योग्य क्रम असा आहे : कोणते खेळ खेळायचे, ते कोणत्या स्क्रीनवर पाहायचे, त्यासाठी कार्ड कोणते लागेल, त्या कार्डाला पुरेल असा प्रोसेसर कोणता, आणि या सगळ्याला वीज पुरवणारा एसएमपीएस कोणता. खाली याच क्रमाने एकेक पायरी मांडली आहे. किमती मुद्दाम दिलेल्या नाहीत. ग्राफिक्स कार्ड आणि रॅम यांचे भाव इतक्या वेगाने वर-खाली होतात की कागदावरचा आकडा महिन्याभरात शिळा होतो. २०२५च्या अखेरीस रॅमच्या किमती कशा चढल्या हे त्या काळात खरेदी केलेल्यांना चांगलेच ठाऊक आहे.

पहिली पायरी : खेळांची यादी आणि स्क्रीन

एक कागद घ्या आणि पुढच्या दोन वर्षांत खरोखर खेळायचे चार-पाच खेळ त्यावर लिहा. ही यादी दोन गटांत विभागली जाते. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ यांसारखे स्पर्धात्मक खेळ कार्डावर फारसा भार टाकत नाहीत. त्यांत सेकंदाला जितकी जास्त चित्रे, म्हणजे फ्रेम, मिळतील तितका खेळाडूचा फायदा होतो आणि ती संख्या बहुतांशी प्रोसेसरवर अवलंबून असते. सायबरपंक २०७७सारख्या भव्य देखाव्यांच्या खेळांत मात्र कार्डाचा कस लागतो. काही नव्या खेळांनी तर दारच अरुंद केले आहे : २०२५मध्ये आलेला डूम : द डार्क एजेस हा खेळ रे-ट्रेसिंगची, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून उजेड-सावल्या रंगवण्याची, सोय हार्डवेअरमध्येच असलेल्या कार्डाशिवाय चालत नाही, त्यामुळे जीटीएक्स १६५० किंवा १६६० या एके काळच्या लोकप्रिय कार्डांचा त्याच्यापुढे उपयोग नाही. यादीत असा एक जरी खेळ असेल तरी निवड बदलते, म्हणून ती आधी लिहायची.

दुसरी बाब स्क्रीनची. नेहमीच्या फुल एचडी स्क्रीनवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. २५६० गुणिले १४४०च्या स्क्रीनवर हीच संख्या सुमारे ३६ लाख ८६ हजार होते आणि फोर-केवर ती जवळपास ८३ लाखांवर जाते. प्रत्येक फ्रेममध्ये हे सगळे ठिपके कार्डाला रंगवावे लागतात. साठ-सत्तर हजारांपर्यंतच्या कॉम्प्युटरने फुल एचडीच धरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र हर्ट्झचा आकडा, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकते तो आकडा, जरूर पाहावा. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते, तर १४४ हर्ट्झच्या स्क्रीनवर ६.९ मिलिसेकंद. स्पर्धात्मक खेळ खेळणाऱ्याला हा फरक हाताला जाणवतो. कथाप्रधान खेळ खेळणाऱ्याने ७५ किंवा १०० हर्ट्झवर समाधान मानून उरलेले पैसे कार्डात घालावेत.

दुसरी पायरी : वेगळे कार्ड लागणार आहे का?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. खेळांची यादी हलकी असेल आणि एकूण रक्कम तीस-पस्तीस हजारांच्या आत असेल, तर सुरुवातीला वेगळे कार्ड न घेणेच शहाणपणाचे ठरते. एएमडीच्या काही प्रोसेसरमध्ये बऱ्यापैकी ताकदीचे ग्राफिक्स आतच असते. रायझन ५ ५६००जी हा २०२१चा प्रोसेसर त्यांतला सर्वांत परिचित. व्हॅलोरंट किंवा जीटीए ५ यांसारखे खेळ तो बेताच्या सेटिंगवर व्यवस्थित चालवतो. त्याचा पुढच्या पिढीतला भाऊ म्हणजे जानेवारी २०२४मध्ये आलेला रायझन ५ ८६००जी. त्याचे आतले ग्राफिक्स बरेच सशक्त आहे, पण त्याला नवा मदरबोर्ड आणि डीडीआर-५ या नव्या प्रकारची रॅम लागते, त्यामुळे एकूण खर्च वाढतो आणि तितक्या पैशांत साधा प्रोसेसर अधिक वेगळे कार्ड बसते का, हे आधी पाहावे लागते.

अशा प्रोसेसरसोबत रॅमची एक गोष्ट कटाक्षाने पाळावी लागते. वेगळ्या कार्डावर स्वतःची वेगवान मेमरी असते; आतल्या ग्राफिक्सला मात्र कॉम्प्युटरची साधी रॅमच वाटून घ्यावी लागते. ५६००जीला लागणाऱ्या डीडीआर-४ प्रकारच्या रॅमची, ३२०० वेगाची एकच पट्टी लावली तर माहितीची ने-आण सेकंदाला कमाल २५.६ जीबी होते. तशाच दोन पट्ट्या लावल्या तर ती ५१.२ जीबी होते. माझ्या भाच्याच्या कर्वेनगरच्या खोलीत मी हा फरक डोळ्यांनी पाहिला. त्याच्या ५६००जीच्या मशीनमध्ये १६ जीबीची एकच पट्टी बसवून मिळाली होती आणि खेळात गाडी वळवली की चित्र अडखळत होते. ती पट्टी बदलून ८ जीबीच्या दोन पट्ट्या बसवल्या, बाकी काहीही बदलले नाही, आणि तोच रस्ता, तीच गाडी सलग चालू लागली. "पुढे वाढवायला एक खाच मोकळी राहील" या सल्ल्याने एक पट्टी घेऊ नका. आतल्या ग्राफिक्सच्या बाबतीत तो सल्ला घातक आहे.

इथेच एका सापळ्याचा उल्लेख करतो, कारण नवख्या ग्राहकाचे सर्वाधिक पैसे त्यात वाया जातात. "४ जीबी ग्राफिक्स कार्ड" असे लिहिलेल्या कोटेशनमध्ये पुष्कळदा जीटी ७३० हे कार्ड असते. ते एनव्हिडिया या कंपनीचे, २०१४चे आहे. त्याच्या डीडीआर-३ प्रकारातल्या मेमरीचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त २८.८ जीबी, म्हणजे वर सांगितलेल्या दोन पट्ट्यांच्या साध्या रॅमपेक्षाही कमी. या पिढीच्या कार्डांसाठी नव्या खेळांना अनुरूप ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, देणे एनव्हिडियाने २०२१मध्येच थांबवले. ५६००जीसारख्या प्रोसेसरसोबत असे कार्ड बसवणे म्हणजे पैसे देऊन वेग कमी करून घेणे. जीटी ७१०ची गोष्ट याहून वाईट आहे. कार्डावरच्या जीबीचा आकडा त्या कार्डाची ताकद सांगत नाही, हे घरातल्या मोठ्यांनाही समजावून सांगावे, कारण दुकानात हाच आकडा मोठ्याने वाचून दाखवला जातो.

तिसरी पायरी : ग्राफिक्स कार्ड

वेगळे कार्ड घ्यायचे ठरले की एकूण रकमेचा सुमारे ३५ ते ४० टक्के भाग त्याच्यासाठी बाजूला काढावा, आणि हा आकडा स्क्रीन वगळून धरावा. याहून कमी ठेवला तर बाकीचे मशीन कार्डाची वाट पाहत बसते. ५० टक्क्यांच्या पुढे गेला तर एसएमपीएस आणि मदरबोर्ड यांच्यावर नको ती काटकसर होते.

माझ्या मते फुल एचडीसाठी एएमडीचे रेडिऑन आरएक्स ६६०० हे या रकमेतले सर्वांत भरवशाचे कार्ड राहिले आहे. ते ऑक्टोबर २०२१चे आहे, त्यावर ८ जीबी मेमरी आहे, तिचा वेग सेकंदाला २२४ जीबी आहे आणि ते कमाल १३२ वॅटच वीज घेते. जुने असूनही ते इतके का चालते, याचे कारण हा समतोल आहे. एनव्हिडियाचे जीफोर्स आरटीएक्स ३०५० त्याच्या शेजारी ठेवले जाते, पण साध्या खेळण्यात ६६०० पुढे असते. आरटीएक्स ३०५० घेणाऱ्याने तर अधिकच सावध राहावे, कारण एकाच नावाने दोन वेगळी कार्डे विकली जातात : ८ जीबीचे, १३० वॅटचे, २०२२चे; आणि ६ जीबीचे, ७० वॅटचे, २०२४चे. दुसऱ्यात फक्त मेमरी कमी आहे असा समज होतो, प्रत्यक्षात त्याची आतली चिपही छाटलेली आहे. त्याची खरी जागा वेगळीच आहे, तिच्याकडे पुढे येऊ. हीच नावांची गल्लत आरटीएक्स ३०६०च्या बाबतीतही आहे. १२ जीबीचे मूळ कार्ड चांगले, ८ जीबीचे त्याच नावाचे कार्ड त्याहून बरेच मंद.

थोडी अधिक रक्कम असेल तर २०२३चे आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ७६००, आणि २०२५चे आरटीएक्स ५०६० यांचा विचार करावा. तिन्हींवर ८ जीबी मेमरी आहे. ४०६०चा खास गुण म्हणजे ते ११५ वॅटमध्ये काम करते, त्यामुळे छोट्या, कोंदट खोलीत ते कमी तापते. आरएक्स ९०६० एक्सटी हे कार्ड ८ आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत मिळते. रक्कम ताणता येत असेल तर १६ जीबीचे घ्यावे, कारण नव्या खेळांत सेटिंग वाढवली की ८ जीबी मेमरी भरू लागते आणि भरली की खेळ मधूनच झटके देतो. ४ जीबीची नवी कार्डे आता कोणीही खेळासाठी घेऊ नयेत. आरएक्स ६५०० एक्सटी हे त्यांतले सर्वांत फसवे : मदरबोर्डशी बोलण्यासाठी त्याला चारच मार्गिका आहेत, आणि मदरबोर्ड किंवा प्रोसेसर पीसीआय एक्स्प्रेस या जोडणीच्या जुन्या ३.० पिढीचा असेल तर त्या चार मार्गिकांचा वेगही निम्मा होतो. ५६००जी आणि रायझन ५ ५५०० हे दोन्ही स्वस्त प्रोसेसर ३.०चेच आहेत, म्हणजे ज्या मशीनमध्ये हे कार्ड बसवले जाण्याची शक्यता सर्वांत जास्त, तिथेच ते सर्वांत मंद चालते.

इंटेलचे आर्क बी५८० हे डिसेंबर २०२४चे कार्ड १२ जीबी मेमरीमुळे मोह पाडते, आणि त्यात तथ्य आहे. पण त्याला मदरबोर्डवर रिसायझेबल बार ही, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी, सोय चालू असावी लागते, आणि दुबळ्या प्रोसेसरसोबत त्याची कामगिरी इतर कार्डांपेक्षा अधिक घसरते. जुन्या मशीनमध्ये नुसते कार्ड बदलण्याचा बेत असेल तर ते टाळावे.

अभ्यासाचाही विचार इथेच करावा. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरवर किंवा मशीन लर्निंगचे काम करायचे असेल तर एनव्हिडियाच्या कार्डाला माझी पसंती राहील, कारण या क्षेत्रातली पुष्कळ साधने कुडा या एनव्हिडियाच्या प्रणालीवर उभी आहेत. केवळ प्रोग्रॅमिंग आणि खेळ एवढेच असेल तर हा मुद्दा गौण आहे. खेळ कमी ठिपक्यांत रंगवून चित्र मोठे करून दाखवणाऱ्या दोन सोयींची नावे कानावर येतील : डीएलएसएस फक्त आरटीएक्स कार्डांवर चालते आणि दर्जाने सरस आहे, एफएसआरच्या तिसऱ्यापर्यंतच्या आवृत्त्या कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालतात. मधल्या फ्रेम तयार करून आकडा फुगवणारी सोय मात्र मूळ फ्रेम पुरेशा असतील तेव्हाच कामाची ठरते, म्हणून तिच्या भरवशावर लहान कार्ड घेऊ नये.

चौथी पायरी : प्रोसेसर

प्रत्येक फ्रेमच्या वेळी आधी प्रोसेसर काम करतो. कोणता खेळाडू कुठे आहे, गोळी कुठे लागली, भिंत कुठे पडली हे तो ठरवतो आणि काय काढायचे याची सूची कार्डाला देतो. मग कार्ड रंगवते. म्हणून दोघांपैकी जो मागे पडेल त्याच्याच वेगाने खेळ चालतो. कार्ड ठरल्यावर प्रोसेसर निवडायचा तो याच कारणाने : कार्डाला सूची वेळेवर मिळत राहील इतका तो असावा, त्यापुढचे पैसे चित्रात दिसत नाहीत.

वर सांगितलेल्या कार्डांसाठी सहा कोर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आणि बारा थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारी कामे) असलेला प्रोसेसर पुरेसा आहे. रायझन ५ ५६०० आणि इंटेल कोअर आय-५ १२४००एफ ही २०२२ची दोन नावे इथे समोरासमोर येतात, आणि त्यांच्यात इतका कमी फरक आहे की ज्या दिवशी मदरबोर्डसह जे स्वस्त पडेल ते घ्यावे. त्याहून कमी रकमेत आय-३ १२१००एफ हा चार कोरचा प्रोसेसर आहे. सुरुवातीला तो चालतो, परंतु खेळत असताना मागे ब्राउझर आणि मित्रांशी बोलण्याचे अ‍ॅप उघडे ठेवण्याची सवय असेल तर तो लवकर थकतो. ५५०० स्वस्त मिळतो म्हणून ५६००ऐवजी घेताना लक्षात ठेवावे की त्यातली कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी वेगवान मेमरी, १६ एमबी आहे, ५६००च्या निम्मी, आणि खेळांना कॅशची भूक मोठी असते.

नावातली अक्षरे नीट वाचावीत. इंटेलच्या नावामागे एफ असेल तर त्यात आतले ग्राफिक्स नाही. कार्ड नसेल किंवा बिघडले तर स्क्रीनवर काहीही दिसणार नाही. रायझन ५६००मध्येही ते नाही, ५६००जीमध्ये आहे. घरात दुसरे मशीन नसेल आणि कार्ड वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर अभ्यास अडेल, एवढ्या एका कारणासाठी काही पालक एफ नसलेला १२४०० घेतात, आणि मला तो विचार रास्त वाटतो.

आय-सेव्हन या नावाची मोहिनी तर उतरवायलाच हवी. जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत "आय-७ गेमिंग पीसी" म्हणून जे अतिशय स्वस्तात दाखवले जाते, त्यात बऱ्याचदा आय-७ २६०० निघतो. तो २०११चा, दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर आहे. आजचा आय-३ १२१००एफ त्याला सहज मागे टाकतो, आणि विंडोज ११ तर अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्याच प्रोसेसरवर चालते. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्यामुळे ही अट आता दुर्लक्षिता येत नाही. विंडोज ११वर व्हॅलोरंटही टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनमधल्या सुरक्षेच्या सोयी चालू असल्याखेरीज सुरू होत नाही. पिढी ओळखणे सोपे आहे : १२४००मधले पहिले दोन अंक बारावी पिढी सांगतात, २६००मधला पहिला अंक दुसरी.

पुढे वाढवण्याचा प्रश्नही इथलाच. ५६०० ज्या एएम-४ खोबणीत बसतो तिचा प्रवास आता संपत आला आहे. १२४००ची एलजीए १७०० खोबणी चौदाव्या पिढीपाशी थांबली. एएम-५ खोबणीला मात्र २०२७पर्यंत आणि त्यापुढेही आधार देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. चार वर्षांनी नोकरी लागल्यावर याच मशीनमध्ये नवा प्रोसेसर बसवायचा निश्चय असेल तर रायझन ५ ७६०० आणि डीडीआर-५ रॅम यांचा जादा खर्च पटण्यासारखा आहे. तसा निश्चय नसेल तर तो खर्च आजच कार्डात घालावा. "पुढे बघू" म्हणून घेतलेली वाढीची सोय बहुतेक घरांत तशीच पडून राहते.

मदरबोर्डबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. ५६००साठी बी५५०, १२४००एफसाठी बी६६० किंवा बी७६०, आणि फारच ओढाताण असेल तर ए५२० किंवा एच६१०. बोर्ड खूप दिवस दुकानात पडून असेल तर नवा प्रोसेसर ओळखण्यासाठी त्याचा बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारे बोर्डवरचे मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत आहे का, हे दुकानदाराकडूनच तपासून घ्यावे.

पाचवी पायरी : एसएमपीएस, आणि पुण्यातली वीज

सर्वांत जास्त नुकसान याच वस्तूवरच्या काटकसरीने होते. कॅबिनेटसोबत "४५० वॅट" लिहिलेला एसएमपीएस फुकट मिळतो, त्यावर विसंबू नका. तो हातात घ्या, बाजूला चिकटवलेला कागद वाचा आणि +१२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर पाहा. प्रोसेसर आणि कार्ड ही दोन्ही आपली वीज याच १२ व्होल्टच्या वाटेने घेतात. तिथे १८ अँपिअर असतील तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. बाहेर कितीही मोठा आकडा छापलेला असला तरी तुमच्या उपयोगाचे एवढेच. ४२ अँपिअर असतील तर ५०४ वॅट. ५६०० आणि आरएक्स ६६०० यांची जोडी भर खेळात सगळे मिळून अडीचशे वॅटच्या आसपास मागते. त्या कार्डासाठी एएमडी ४५० वॅटचा आणि आरटीएक्स ४०६०साठी एनव्हिडिया ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस घेतला की पुढच्या कार्डापर्यंत चिंता राहत नाही. एसएमपीएसवर छापलेली ब्रॉन्झ, गोल्ड ही पदके वीज किती वाया जात नाही एवढेच सांगतात, पण ती नसलेला एसएमपीएस मात्र घेऊ नये.

पेठांमधल्या जुन्या वाड्यांत खोली घेऊन राहणाऱ्यांनी आणखी एक तपासणी करावी. कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर बोटांना बारीक झिणझिण्या आल्या तर ते मशीनचे वैगुण्य समजू नये. खोलीतल्या प्लगला अर्थिंग नसल्याचे ते लक्षण आहे. एसएमपीएसच्या दारातच विजेतला गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात, त्यांतून झिरपणारी अल्प वीज अर्थिंगच्या तारेने निघून जायला हवी आणि ती वाट नसेल तर ती कॅबिनेटवर येते. वायरमनकडून अर्थिंग करून घ्यावे, आणि तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडात कधीही कोंबू नये. चांगला एक्स्टेन्शन बोर्ड आणि तारा तापकीर गल्लीत मिळतात. त्यासाठी वेगळी फेरी मारणे योग्यच. वळवाच्या पावसात वीज अचानक जाते म्हणून यूपीएस घ्यायचा असेल तर व्हीएच्या आकड्याशेजारचा वॅटचा आकडा पाहावा. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॅटच देतो, तेव्हा खेळाच्या मशीनला १००० व्हीएच्या आसपासचा घ्यावा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या जवळ जातो, त्यामुळे समोरून पूर्ण काचेने बंद असलेल्या कॅबिनेटऐवजी जाळीचे घ्यावे.

जुन्या मशीनचा मार्ग

रक्कम फारच कमी असेल तर कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेली मशीन हा चांगला पर्याय आहे. आय-५ ८५००सारखा आठव्या पिढीचा, सहा कोरचा प्रोसेसर असलेले मशीन विंडोज ११च्या अटीतही बसते. अशा मशीनमध्ये एसएमपीएस लहान आणि त्या कंपनीच्याच घडणीचा असतो, कार्डासाठी वेगळी वीजतार नसते. वर बाजूला ठेवलेले ६ जीबीचे आरटीएक्स ३०५० इथे उपयोगी पडते : ते ७० वॅटच घेते, मदरबोर्डची खाच ७५ वॅट देऊ शकते, त्यामुळे त्याच्या बहुतेक प्रकारांना वेगळी तार लागत नाही. मशीन घेण्याआधी कॅबिनेट उघडून पूर्ण उंचीचे कार्ड बसेल की अर्ध्या उंचीचे, हे मोजपट्टीने मोजून घ्यावे.

जुने कार्ड घेताना विक्रेत्याच्या घरी जाऊन ते निदान अर्धा तास खेळाखाली चालवून पाहावे, पंख्यांचा आवाज ऐकावा आणि जीपीयू-झेड हे छोटे मोफत साधन उघडून नाव जुळते का ते तपासावे. जुन्या चिपला नव्या नावाचा मुखवटा चढवलेली एनव्हिडिया कार्डे ते ओळखून दाखवते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने खाणकामाची, म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर गणिते सोडवून चलन मिळवण्याची, पद्धत सोडली, तेव्हा रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे बाजारात आली. ती सगळीच वाईट नसतात, पण विनावॉरंटी कार्डाला नव्याच्या निम्म्याहून अधिक किंमत देऊ नये.

सहावी पायरी : कोटेशन, बिल आणि घरची तपासणी

"१६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ८ जीबी कार्ड" एवढेच लिहिलेले कोटेशन परत करावे. प्रत्येक वस्तूपुढे कंपनी आणि पूर्ण मॉडेल लिहून मागावे, कारण त्याशिवाय दोन दुकानांच्या भावांची तुलनाच होत नाही. भाव जीएसटी धरून आहे का, हे त्याच वेळी विचारावे. १८ टक्क्यांनी २०,००० रुपयांचे कार्ड २३,६०० रुपयांचे होते. प्रोसेसर बंद खोक्यातलाच घ्यावा, त्यासोबत कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी मिळते आणि वर घेतलेल्या साध्या प्रोसेसरसोबत पंखाही येतो. बिलावर कार्ड, प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांचे सिरियल क्रमांक लिहून घ्यावेत.

घरी आल्यावर स्क्रीनची तार मदरबोर्डच्या खाचेत न घालता खाली आडव्या असलेल्या कार्डाच्या खाचेत घालावी. ही चूक इतकी सर्रास होते की "कार्ड चालत नाही" अशी तक्रार आली की मी आधी मागची बाजू पाहतो. मग बायोसमध्ये जाऊन रॅमला तिच्या छापील वेगाने चालवणारे एक्सएमपी किंवा एक्स्पो हे प्रोफाइल चालू करावे, नाहीतर ३२०० वेगाची रॅम बहुधा २१३३ किंवा २६६६वरच धावते. तिथेच रिसायझेबल बार चालू करावे. विंडोजमध्ये स्क्रीनचे हर्ट्झ स्वतः निवडावे लागतात. १४४ हर्ट्झची स्क्रीन महिनोन्‌महिने ६०वर चालवणारे मी पाहिले आहेत.

शेवटी, खेळ अपेक्षेइतका चालत नसेल तर काही बदलण्याआधी एक चाचणी करावी. खेळ सुरू ठेवून कोपऱ्यात फ्रेमचा आणि कार्डाच्या वापराचा आकडा दाखवणारी सोय चालू करा, एकाच जागी उभे राहा आणि ते आकडे लिहून घ्या. मग खेळाच्या सेटिंगमध्ये १०८०चे ७२० करा आणि त्याच जागी पुन्हा पाहा. फ्रेम भराभर वाढल्या तर कार्ड कमी पडत होते. फ्रेम तेवढ्याच राहिल्या आणि कार्डाचा वापर ९५ टक्क्यांवरून ५०-६० टक्क्यांवर आला, तर अडचण प्रोसेसरची किंवा रॅमची आहे. हे दोन्ही आकडे कागदावर घेऊनच दुकानात जावे.